पहिलीच्या वर्गात मराठी किती?

प्रश्न : माझी नात निरवांगीत पहिलीला जाते. उसाचा हंगाम सुरू झाला की तिच्या वर्गात तोडणीवाल्यांची दोन-चार पोरं येऊन बसतात. मेंढरं राखणाऱ्यांची पोरं तर गावचीच. बाई म्हणतात, मराठीच्या तासाला मुलांना एकमेकांचं बोलणं, सणवार, चालीरीती कळल्या पाहिजेत. ज्या पोरांना अजून काना-मात्रा धड येत नाही, त्यांना हे जड ओझं कशाला? आणि मनातलं सांगायचं तर, त्या पोरांचं ऐकून आमच्या नातीची मराठी बिघडणार नाही का?
– एक आजोबा, निरवांगी (ता. इंदापूर)

उत्तर : आजोबा, मनातला प्रश्न उघड विचारलात हे बरं केलंत. पुष्कळ पालक तो विचारत नाहीत आणि गुपचूप मुलाची शाळा बदलतात. तुमच्या दोन्ही शंकांना माझं उत्तर एकच आहे. पहिलीच्या वर्गात विविधता बाहेरून आणावी लागत नाही, ती सतरंजीवर येऊन बसलेलीच असते. बाईंनी तिला वाचन-लेखनाच्या कामाला जुंपायचं. तसं केलं तर काना-मात्राही लवकर येते आणि नातीची मराठीही वाढते. कसं ते सांगतो.

आधी वर्गात कोण कोण बसलंय ते पाहू. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि बारामती-इंदापूरच्या कोरडवाहू रानात ऊस आला. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी तुमच्या शेजारी वालचंदनगर वसवलं. पुढे सहकारी कारखाने आले : भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, बारामतीकडे माळेगाव आणि सोमेश्वर. इतका ऊस तोडायला माणसं लागतात. ती दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, धाराशिव, जळगाव अशा भागांतून टोळ्यांनी येतात. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक कोयता, फडाजवळ कोप्या म्हणजे झोपड्या टाकायच्या, आणि मार्च-एप्रिलला पट्टा पडला की परत. लेकरं सोबत येतात, कारण गावाकडे त्यांना सांभाळायला कुणी नसतं. या टोळ्यांत वंजारी असतात, बंजारा असतात, दलित असतात, इतरही असतात. बंजारा लेकरू घरी गोरमाटी बोलतं, आणि गोरमाटीचं नातं राजस्थानीशी आहे.

दुसरीकडे तुमचे धनगर. पावसाळा सरला की मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी दूर जाणारी कुटुंबं या पट्ट्यात जुनी आहेत. त्यांचं मराठी तुमच्याआमच्यासारखंच, पण मेंढी, पाऊस, गवत, वाट यांच्यासाठी त्यांच्याकडे जो शब्दसाठा आहे तो शहरातल्या प्राध्यापकाकडेही नसतो. याच पुणे-सोलापूर-सातारा भागात कैकाडी राहतात. त्यांची भाषा तमिळच्या जवळची. वडारांची वडारी तेलुगूच्या जवळची. पारध्यांची बोली गुजरातीच्या जवळची. म्हणजे नीरेच्या काठाकाठाने फिरलं तरी भारतातली दोन मोठी भाषाकुळं भेटतात. आपण त्या सगळ्या पोरांच्या हातात एकच पुस्तक देतो आणि सगळ्यांच्या घरी तीच भाषा आहे असं धरून चालतो. घोळ तिथून सुरू होतो.

आता 'एवढ्याशा पोरांना कशाला' या शंकेकडे येऊ. मुलांना फरक कळत नाही, आपण दाखवला तरच कळेल, अशी आपली समजूत असते. अनुभव उलटा आहे. अमेरिकेतल्या कॅथरीन किन्झलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाच वर्षांच्या मुलांना अनोळखी मुलांचे चेहरे दाखवले, आवाज ऐकवले आणि विचारलं, यातला कुणाशी मैत्री करशील? मुलांनी आपल्यासारखं बोलणाऱ्याला निवडलं. परका हेल असलेल्याला मागे ठेवलं, त्याचं बोलणं समजत असूनही. आपली पोरं वेगळी नाहीत. 'हा आमच्यासारखा बोलत नाही' हे पहिलीतल्या पोराला पहिल्या दिवशी कळतं. त्यावरून हसायचं की विचारायचं, एवढंच ते मोठ्यांकडे बघून ठरवतं. म्हणून हे शिक्षण लहानपणीच झालं पाहिजे. चौथी-पाचवीपर्यंत हसण्याची सवय लागून गेलेली असते.

आता काना-मात्रा. वाचायला शिकणारं मूल काय करतं? अक्षरं जोडून आवाज काढतं आणि तो आवाज डोक्यात आधीपासून असलेल्या शब्दाशी जुळतो का ते पाहतं. जुळला की डोळे चमकतात. नाही जुळला तर नुसता आवाज उरतो. आपल्या अंकलिप्या 'अ अननसाचा'पासून सुरू होतात. इंदापूर तालुक्यात डाळिंब, द्राक्ष, पेरू, ऊस सगळं आहे, अननस काही पिकत नाही. 'य यज्ञाचा' तर कोपीवरच्या लेकराने कधी पाहिलेलाच नसतो. त्याच लेकराला 'कोयता', 'मोळी', 'वाढं', 'गाडी' हे शब्द वाचायला दिले तर अर्थ आधीच हाताशी असतो, फक्त अक्षरं ओळखायची उरतात. निम्मं काम तिथेच होतं. आणि तुमच्या नातीला एक नवा शब्द मिळतो, तोही तो शब्द रोज वापरणाऱ्याच्या तोंडून.

न्यूझीलंडच्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर या शिक्षिकेने माओरी मुलांना वाचायला शिकवताना नेमकं हेच केलं. रोज सकाळी प्रत्येक मुलाला विचारायचं, आज तुला कोणता शब्द हवा? तो जाड कागदाच्या पट्टीवर लिहून त्याच्या हातात द्यायचा. पट्टी त्याची. भीतीचे, मायेचे, घरातले शब्द मुलं एका नजरेत शिकत. छापील पुस्तकातले गोऱ्यांच्या जगातले शब्द महिनोन्‌महिने घोटूनही डोक्यात बसत नसत. त्यांचं 'टीचर' हे पुस्तक १९६३ मध्ये आलं, आणि पुढे मराठीतही आलं.

तेवढ्या लांब जायला नको असेल तर नीरा ओलांडून फलटणला चला. मॅक्सीन बर्नसन मूळच्या अमेरिकन. १९६१ मध्ये भारतात आल्या आणि १९६६ पासून फलटणमध्ये राहिल्या. फलटणच्या माणसांच्या बोलण्यात शिक्षण आणि जात यांनुसार काय काय बदलतं, याचा अभ्यास करून त्यांनी १९७३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली. १९७८ मध्ये त्या भारताच्या नागरिक झाल्या. गावातल्या दलित वस्तीतल्या, शाळेत जाऊनही वाचता न येणाऱ्या पोरांना शिकवता शिकवता त्यांचं काम वाढत गेलं. १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा. सगळ्या जातींची, सगळ्या घरांची मुलं तिथे एका वर्गात बसतात. बर्नसन यांनी वाचन शिकवण्याची जी पद्धत घडवली, तिच्यात वर्णमालेचा क्रम धरून बसत नाहीत. थोडी अक्षरं आणि थोडी स्वरचिन्हं घेऊन मुलाला लगेच खरे शब्द वाचायला देतात. भाषाशास्त्र शिकलेल्या बाईने आपली विद्या अशी पहिलीच्या पोरासाठी खर्ची घातली. ज्यांनी गावच्या बोलीचा इतका बारकाईने अभ्यास केला, त्या कुणाच्या बोलण्याला अशुद्ध म्हणून गप्प बसवणार नाहीत, हे उघड आहे.

आता नातीच्या मराठीचं. चार वर्षांचं पोर दोन वर्षांच्या पोराशी बोलताना आपोआप छोटी, सोपी वाक्यं वापरतं. मेरिलिन शाट्झ आणि रोशेल गेलमन या संशोधकांनी १९७३ मध्ये हे नोंदवलं होतं. म्हणजे कुणाशी कसं बोलायचं हे मूल शाळेआधीच शिकलेलं असतं. तुमची नात तुमच्याशी एक, बाईंशी एक आणि टीव्हीवरच्या कार्टूनची नक्कल करताना तिसरंच बोलत असणार. तिने तोडणीवाल्याच्या पोराची 'माय' ऐकली म्हणून तिची 'आई' कुठे जात नाही. पुस्तकाची प्रमाण मराठी तिला शिकायचीच आहे, परीक्षेला, अर्जाला, वर्तमानपत्राला ती लागणारच. पण ती शिकायची घरच्या मराठीवर उभं राहून. घरची बोली पुसून पुस्तकाची आणायला गेलं की मूल आधी गप्प होतं. गप्प पोराला कुठलीच भाषा शिकवता येत नाही.

शिवाय 'बिघडलेली' म्हणतो त्या मराठीनेच आपली भाषा श्रीमंत केली आहे. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या खानदेशी लेवा बोलीतल्या कविता १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आल्या आणि मग कोकणापासून विदर्भापर्यंत पोरांनी त्या शाळेत पाठ केल्या. त्याने कुणाची मराठी बिघडली नाही. त्याच्या कितीतरी आधी एकनाथांनी भारुडांतून वासुदेव, जोशी, गोंधळी, महार अशा नाना जणांना बोलतं केलं, आणि एका रचनेत हिंदू आणि तुर्क यांचा वाद-संवादही घडवला. पैठणच्या पंडिताला ज्याची लाज वाटली नाही, त्याची आपण निरवांगीच्या शाळेत कशाला बाळगायची?

आणि ज्याला कुणी ऐकलं नाही त्याचं काय होतं, तेही आपल्याच भागात लिहिलं गेलंय. फलटण तालुक्यात जन्मलेल्या लक्ष्मण माने यांचं 'उपरा' हे आत्मकथन १९८० मध्ये आलं, १९८१ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबातला मुलगा शाळेत जातो तेव्हा त्याच्या वाट्याला काय येतं, ते त्यात आहे. नात मोठी झाली की तिला वाचायला द्या. तुम्ही स्वतः आत्ताच वाचा.

प्रश्न : मी पहिली-दुसरीला शिकवते. 'विविधतेत एकता' म्हणून आम्ही २६ जानेवारीला मुलांना पंजाबी, गुजराती, बंगाली असे पोशाख घालून उभं करतो. तेवढं पुरेसं नाही हे पटतं. पण पट मोठा, दोन इयत्ता एकत्र, आणि वर निपुण भारत या वाचन-गणिताच्या सरकारी अभियानाची उद्दिष्टं. भाषेच्या रोजच्या तासात नेमकं काय करू? आणि यातून जातीचा विषय वर्गात येईल, ही भीती वाटते.
– एक शिक्षिका, बारामती तालुका

उत्तर : बाई, पोशाखाचा कार्यक्रम बंद करू नका, मुलांना नटायला आवडतं. पण लुईस डर्मन-स्पार्क्स या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९८९ मध्येच अशा प्रकाराला पर्यटकांचा अभ्यासक्रम म्हटलं होतं. सहलीला जावं, दुसऱ्यांचे कपडे, खाणं, नाच बघावेत आणि घरी यावं. माणसं रोज कशी जगतात ते कळतच नाही. तुमच्या शाळेत पंजाब एक दिवस येतो, धनगरवाडा रोज येतो. रोज येणाऱ्यापासून सुरुवात करा. वेगळा तास लागत नाही, नव्या उद्दिष्टांची गरज नाही. श्रवण, भाषण, वाचन, लेखन हेच करायचंय, फक्त माल मुलांच्या घरून आणायचा.

हजेरीपासून सुरू करा. हंगामात आलेल्या लेकराचं नाव त्याच्या आईकडून एकदा नीट ऐकून घ्या आणि तसंच पुकारा. आपल्याला सोयीचं म्हणून बदलू नका.

मग रोज एक चित्र फळ्यावर लावा. चूल, मेंढी, पाऊस, आई, काहीही. प्रत्येकाने आपल्या घरी याला काय म्हणतात ते सांगायचं. तुम्ही ते जसंच्या तसं देवनागरीत लिहायचं. 'आई', 'माय', 'बय', गोरमाटीतली 'याडी' एकाखाली एक आल्या की मुलं स्वतःहून अक्षरं ताडून बघायला लागतात : 'माय'मधला 'य' आणि 'बय'मधला 'य' एकच की! निपुणमधलं अक्षरओळखीचं उद्दिष्ट इथे हसत-खेळत साधतं. शेजारी पुस्तकातला शब्दही लिहा आणि सांगा, पुस्तकात असा असतो. चूक-बरोबर असं काही म्हणायचं नाही. घरचा शब्द आणि पुस्तकाचा शब्द, एवढंच.

आठवड्यातून एकदा गोष्ट मुलांची. एकाने सांगायची, तुम्ही त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायची, दुपारी बाकीच्यांनी ती करून दाखवायची. शिकागोच्या व्हिव्हियन पॅली या बालवाडी शिक्षिकेने वर्षानुवर्षं हे केलं. गंमत अशी, की मेंढरामागे हिंडलेल्या पोराची गोष्ट साकारायची तर बाकीच्या पोरांना कळप कसा वळवतात, लांडगा आला तर काय करतात, हे त्यालाच विचारावं लागतं. त्या दिवशी वर्गात माहितगार तोच. जे पोर वर्गात कधी तोंड उघडत नव्हतं, ते तास गाजवतं.

महिन्यातून एखाद्या वेळी घरचं माणूस वर्गात बोलवा. मेंढपाळ आजोबांना सांगा, मेंढरं मोजून दाखवा. ते खंडीवर मोजतील, वीस मेंढरांची एक खंडी. पहिलीच्या गणितात वीस येतातच. घोंगडं, लोकर, कातर यांचे शब्द येतील. एखाद्या आजीला जात्यावरची ओवी म्हणायला सांगा. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर फिरून बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या सगळ्या शाळेची पायरी न चढलेल्या बायकांनी जपून ठेवलेलं मराठी साहित्य आहे. तुमच्या शाळेच्या परिसरातही त्यातलं थोडं अजून शिल्लक असेल.

सण हा विषय सगळ्यांत सोपा, आणि त्यात एक मजा आहे. बैलांचा सण कधी, असं विचारून बघा. साताऱ्या-सांगलीकडे नातेवाईक असलेलं मूल आषाढातला बेंदूर सांगेल. मराठवाड्यातून आलेलं लेकरू श्रावणातल्या अमावास्येचा पोळा सांगेल. पुणे जिल्ह्याच्या काही गावांत भाद्रपदात पोळा असतो. बैल तेच, शिंगांना रंग तोच, पुरणपोळी तीच, तारीख मात्र वेगळी. कोणाची तारीख खरी, यावर मुलं भांडतील. भांडू द्या. दोघांचंही खरं असू शकतं, ही गोष्ट सहा वर्षांच्या मुलाला याहून चांगल्या रीतीने समजावता येणार नाही. होळीला बंजारा मुलं वर्गात असतील तर त्यांच्या घरी लेंगी म्हणतात. टोळ्या परतण्याआधीचे ते दिवस. एखादं लेंगीगीत सगळ्यांना म्हणू द्या.

आषाढात तुमच्या दारातून तुकोबांची पालखी जाते. काटेवाडीत परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, मेंढ्यांचं रिंगण होतं. पुढे बेलवडीला आणि इंदापूरला घोड्यांचं रिंगण. मुलांनी ते पाहिलेलं असतं. कोण काय करत होतं ते त्यांना क्रमाने सांगू द्या, मग चित्र काढून खाली एकेक ओळ लिहू द्या. एका सोहळ्यात किती हात लागतात ते मुलांच्याच वहीत उतरतं.

गोष्टच सांगायची असेल तर जेजुरीची आहे. खंडोबाची म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. बाणाईसाठी देव धनगरवाड्यावर जाऊन मेंढरं राखतो. काही मुसलमान भाविक याच देवाला मल्लूखान म्हणतात. धनगरांच्या अशा कथा आणि ओव्या गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने आयुष्यभर गोळा केल्या. मुलांना त्यातला मेंढरं राखणारा देव फार आवडतो. गोष्ट म्हणून सांगा, पूजा म्हणून नको. मग दुसऱ्या घरातल्या, दुसऱ्या धर्मातल्या गोष्टींनाही तशीच जागा द्या.

आता तुमच्या भीतीविषयी. ती रास्त आहे. काही पथ्यं पाळली तर धोका टळतो. एकाच मुलाला उभं करून 'तुमच्यात काय करतात ते सांग' असं कधीही विचारू नका. 'तुमच्यात' या शब्दात जात दडलेली असते. प्रश्न सगळ्यांना, आणि 'तुझ्या घरी' असा. पहिलं उत्तर तुम्ही स्वतः द्या : माझ्या घरी असं असतं. सांगायचं नसेल त्याने ऐकावं. घरी काय शिजतं, वडील काय करतात, हे खोदून विचारू नका. एखाद्याच्या घरी आज काहीच शिजलेलं नसतं, आणि एखाद्याला मांसाहाराबद्दल टोमणे खावे लागतात. भिंतीवर शब्द लावाल तेव्हा त्यावर मुलाचं नाव असू द्या, समाजाचं नको.

पारधी किंवा कैकाडी मूल वर्गात असेल तर आणखी एक भान हवं. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने पारध्यांसारख्या अनेक जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का मात्र गावाच्या तोंडात राहिला. खोडरबर हरवला की नजर कुणाकडे वळते, ते बघा. ती वळू न देणं हा भाषेच्या तासाचाच भाग आहे, कारण चिडवण्याचे शब्द हेही शब्दच असतात. एखादा तसा शब्द वर्गात आला तर झाकू नका. हा शब्द माणसाला लागतो, आपण तो वापरत नाही, एवढं शांतपणे सांगा आणि पुढे चला.

हे सगळं नवीन आहे असंही नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, पुढे कोसबाडला वारली मुलांसाठी काम केलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्या, गुरं चारायला जातात तर कुरणात न्या. अंगणवाडी आणि कुरणशाळा या कल्पना त्यातूनच आल्या. अनुताई वाघांनी ते काम पुढे नेलं. व्यंकटेश माडगूळकरांच्या १९५५ सालच्या 'बनगरवाडी' कादंबरीतला तरुण मास्तरही धनगरांच्या वाडीवर हेच शिकतो, की आधी वाडी समजून घ्यावी लागते, मग पोरं पाटीकडे येतात.

प्रश्न : आम्ही बारामतीत एमआयडीसीजवळ राहतो. मुलीच्या वर्गात उत्तर प्रदेश-बिहारमधली मुलंही आहेत. मध्यंतरी पहिलीपासून हिंदीचा वाद झाला. भाषिक विविधता शिकवायची म्हणजे लहान मुलांवर आणखी एक भाषा लादायची, असाच अर्थ होतो ना?
– एक पालक, बारामती

उत्तर : नाही, या दोन गोष्टींची गल्लत करू नका. एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचा निर्णय काढला, मोठा विरोध झाला आणि जूनच्या अखेरीस तो मागे घेतला गेला. तो वाद अभ्यासक्रमात आणखी एक विषय, आणखी एक पुस्तक, आणखी एक परीक्षा वाढवण्याचा होता. इथे आपण बोलतोय ते वर्गात आधीच असलेल्या भाषांना जागा देण्याबद्दल. त्याला पुस्तकही लागत नाही आणि गुणही.

कायदाही याच बाजूचा आहे. १९५६ मध्ये घटनेत आलेलं कलम ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करायला राज्यांना सांगतं. २००९ चा शिक्षणहक्क कायदा म्हणतो, शक्य असेल तिथवर शिकवण्याचं माध्यम मुलाची मातृभाषा असावी. ज्या वर्गात चार भाषा आहेत तिथे चार माध्यमं काढता येत नाहीत, हे खरं. पण भोजपुरी बोलणाऱ्या मुलाला पहिले दोन महिने आपल्या भाषेत उत्तर द्यायची मुभा देता येते, त्याचा शब्द फळ्यावर लिहिता येतो, आणि त्याला मराठी शिकवायला तुमच्या मुलीला शेजारी बसवता येतं. ते मूल मराठी लवकर शिकतं. पुढे त्याला याच बारामतीत राहायचंय, मराठी त्याला हवीच असते. त्याच्या भाषेचा मान राखला तर ते आपली भाषा आनंदाने घेतं.

वर्गात हे नीट चाललंय की नाही, ते पालकांना कसं कळणार, असा पुढचा प्रश्न येईल. त्याला मोठी परीक्षा नको. निरवांगीचे आजोबा आणि बारामतीचे तुम्ही, दोघांनीही मार्चमध्ये टोळ्या परतण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जा आणि बाईंना तीन गोष्टी विचारा. हंगामात आलेलं प्रत्येक मूल स्वतः सांगितलेल्या चार ओळी वाचू शकतं का? गावातलं प्रत्येक मूल त्याच्या शेजारी बसलेल्याच्या घरची एक तरी गोष्ट सांगू शकतं का? आणि परत निघालेल्या मुलाच्या हातात, स्थलांतरित मुलांना शाळा देते त्या शिक्षण हमी कार्डाबरोबर त्याच्या शब्दांच्या पट्ट्या आणि त्याने लिहिलेली पानं दिली का, म्हणजे गावाकडच्या शाळेतल्या बाईंना ती पुढे वापरता येतील? तिन्हींना हो असेल तर बाईंचं काम नीट चाललंय. एखाद्याला नाही असेल तर दोष शोधत बसू नका. त्या बैठकीतच ठरवा, पुढच्या हंगामात दर आठवड्याला एक तास गोष्ट लिहून घ्यायला गावातलं कोण कोण येऊन बसणार.